हंसध्वनीच्या वाटेने

दिवसाचा हिशेब मिटवून, सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून, संध्याकाळी गाणी लावण्याचा रिवाज आपल्या अनेक घरांत आहे. गाणी मात्र तीच: लता, मुकेश, गीतरामायण आणि पर्युषणातील नेहमीची स्तवने. एकाच मालात सारे भांडवल न अडकवणारा व्यापारी कानांच्या बाबतीत चाळीस वर्षे एकाच मालावर समाधानी राहतो, ही गंमतच म्हणावयाची.

अनोळखी संगीत एकदम ऐकावयास घेतले तर ते परके वाटते आणि पाच मिनिटांत बंद होते. ओळखीचा धागा हाती धरावा. ‘परिवार’ (१९५६) या चित्रपटात सलील चौधरी यांनी लता मंगेशकर व हेमंतकुमार यांच्याकडून गाऊन घेतलेले, कन्हैयावर रुसलेले युगुलगीत पुष्कळांच्या कानांत आहे. ते हंसध्वनी रागात आहे. सा, रे, ग, प, नी हे पाचच स्वर. मध्यम व धैवत नाहीत. हा राग मूळचा कर्नाटक पद्धतीचा. उत्तरेत तो रुजविण्याचे श्रेय मुख्यतः भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ यांना दिले जाते. लताबाई काही काळ त्यांच्याकडेच शिकत होत्या. मुंबईतील एका गजबजलेल्या बाजारपेठेचे नाव मिरवणारे हे घराणे व्यापारी वाचकांनी तरी ऐकावयास हवे!

तेथून अमीर खाँ यांचा हंसध्वनी ऐकावा. त्यानंतर मुथुस्वामी दीक्षितर (१७७५–१८३५) यांची ‘वातापि गणपतिम्’ ही कृती. मृदंग, व्हायोलिन आणि स्वरांचे ते आंदोलन प्रथम खटकते. तिसऱ्या-चौथ्या वेळी तेच पाच स्वर ओळखू येतात आणि परकेपणा ओसरतो.

अनोळखी संगीत घरातही आहे, याचा मात्र विसर पडला आहे. सतराव्या शतकातील आनंदघनजींची पदे छापील पुस्तकांत आसावरी, सारंग अशा रागांच्या नावांसह येतात. जुन्या रासांत व स्तवनांत प्रत्येक ढाळेच्या आरंभी ‘देशी’ दिलेली असते. म्हणजे त्या काळी लोकांच्या ओठांवर असलेली चाल. मोहनलाल दलीचंद देसाई यांनी ‘जैन गुर्जर कविओ’ या ग्रंथात अशा देशींची मोठी सूचीच दिली आहे. तेव्हा लोकप्रिय चाल उचलणे हे काही आजचे पाप नव्हे, पूर्वसूरींनीही तेच केले. परंतु चित्रपटाच्या चालीवर स्तवन म्हणताना डोळ्यांपुढे जिनबिंबाऐवजी नायक-नायिका उभे राहतात, ही अडचण खरी आहे.

सूचीत देशीचे नाव सापडते, चाल सापडत नाही. ती एखाद्या आजींच्या गळ्यात असते, प्रतिक्रमणानंतर सहज गुणगुणताना ऐकू येते. भ्रमणध्वनीवर ती मुद्रित करण्यास पाच मिनिटे पुरतात, आणि पुष्कळ घरांत ती म्हणू शकणारी आता एकच व्यक्ती उरली आहे.