रात्रपाळीचा दिवस कोणता?

सकाळी सहाला बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत पाळ्या बदलतात. तुमकूर रस्त्यावरून आत वळलं की गल्लोगल्ली तीच गर्दी, आणि गेटजवळ भिंतीवर टांगलेलं अंगठा घेणारं यंत्र. रात्रभर सीएनसी मशीनवर उभं राहिलेल्याच्या बोटाला कूलंटचा ओशटपणा असतो. यंत्र दोनदा नाकारतं, बोट पँटला पुसलं की घेतं. कुणी घाईत दोनदा टेकवतो आणि एकाच सुटण्याच्या दोन नोंदी पडतात: 6:11:04 आणि 6:11:09.

या नोंदींचा पगार कसा होतो, हे बघायला मी एका छोट्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसलो होतो. तिथला मुलगा निपाणीकडचा. शॉपफ्लोअरवर कन्नड, लेबर कॉन्ट्रॅक्टरशी हिंदी, माझ्याशी मराठी. त्याने रात्रपाळीची एक ओळ दाखवली: आत 21:52, बाहेर 6:11. बाहेरच्या वेळेतून आतली वजा केली तर उत्तर येतं उणे 15 तास 41 मिनिटं. माणूस थांबलाय 8 तास 19 मिनिटं. म्हणून रकान्यात नुसती वेळ ठेवून भागत नाही, तारखेसकट ठेवावी लागते. वजाबाकी सुटते, पण पेच सुटत नाही. तो म्हणाला, "बेरीज काय, कुणीबी करंल सर. ही पहाट कालची धरायची का आजची, ते सांगा."

ते 1948 च्या कारखाना कायद्यातच सांगितलेलं होतं. कलम 57: पाळी मध्यरात्र ओलांडत असेल, तर बारानंतरचे तास आदल्या दिवसात मोजायचे. संगणक कारखान्यात यायच्या कितीतरी आधी कुणीतरी हा प्रश्न नीट सोडवून ठेवला होता. आज प्रोग्राम लिहिणारे बरेचजण तारीख बदलली की दिवस बदलला असं धरून चालतात आणि एका रात्रीचे दोन तुकडे करतात. मग ना धड इकडे आठ तास भरत, ना तिकडे.

आधी इथे सगळं एक्सेलमध्ये होतं. रोज साडेआठ तास, सहा दिवस. खाली बेरीज 3:00. एक्सेल वेळ म्हणजे दिवसाचा अंश धरतं आणि साध्या घड्याळी मांडणीत 24 पूर्ण झाले की पुन्हा शून्यापासून दाखवतं. 51 मधले 48 गेले, 3 उरले. मौज अशी की आठवड्याची कायदेशीर मर्यादाही 48 तासच, त्यामुळे चुकलेल्या घरात ओव्हरटाइमचा आकडा मात्र अचूक. पण 47 तास भरलेल्याच्या नावापुढे 23:00 येतं, तेव्हा भांडण होतं. उपाय किरकोळ आहे, मांडणीत तासाच्या खुणेला चौकटी कंस घालायचा.

मायएसक्यूएल या डेटाबेसवर गेल्यावर चूक गेली नाही, तिने वेष बदलला. 8:19 आणि 8:47 या वेळांची सरळ बेरीज मागितली, तर तो त्यांना 81900 आणि 84700 असे साधे आकडे समजतो आणि 166600 देतो. वाचायला गेलं तर सोळा तास सहासष्ट मिनिटं! खरं उत्तर 17 तास 6 मिनिटं. शिवाय त्याचा वेळेचा रकाना 838:59:59 च्या पुढे जात नाही. वर्षाचे तास त्यात मावणारच नाहीत. आता तो मुलगा आत-बाहेरच्या मूळ नोंदींना हात लावत नाही, मिनिटं पूर्णांकात काढून त्यांची बेरीज करतो आणि तास फक्त छापताना करतो. मिनिटं उगाच नाही लागत. बारा मिनिटं उशिरा सुटणाऱ्याचे रोज पाव तासाच्या पटीत खाली उतरवले, तर रोज शून्य. 26 पाळ्यांचे जोडून मग बघितले, तर 5 तास 12 मिनिटं, आणि ओव्हरटाइमचा दर दुप्पट. गोलाई रोज करायची की महिन्याअखेरीस, हा निर्णय प्रोग्राममधल्या एका ओळीचा असतो आणि ती ओळ कामगाराला कधी दिसत नाही. ती पगाराच्या चिठ्ठीवर छापावी, असं माझं मत आहे.

 

निघताना त्या मुलाने रविवारची एक ओळ उघडली. शनिवारची रात्रपाळी रविवारी सकाळी सहाला सुटली, आणि त्याच माणसाला रविवारी रात्री दहाला पुन्हा बोलावलं. कागदावर रविवार सुट्टीचा दिसतो. पण त्या कलम 57 मधल्या नियमाप्रमाणे त्याची सुट्टी पाळी सुटल्यापासून सलग 24 तासांची, म्हणजे सोमवारी सकाळी सहापर्यंत; त्याला मिळाले सोळाच तास. प्रोग्राममध्ये अशी ओळ आता लाल होते. लाल झाल्यावर बदली सुट्टी द्यायची की सुपरवायझरने सही करून पुढे ढकलायची, यावर वरच्या मजल्यावर अजून बोलणी चालू आहेत.