तांबूचा दहीभात

आजाऱ्यास काय खाऊ घालावे, याविषयी आमच्या घरात कधी मतभेद झाल्याचे आम्हांस स्मरत नाही. ताप उतरला की मऊ भात, वर साजूक तुपाची धार आणि चिमूटभर मेतकूट. पोट बिघडले तर ताकभात. आणि कशाचीच वासना नसेल तर कालवलेला दहीभात. बडोद्यास आमच्या तीन पिढ्या याच पथ्यावर बऱ्या झाल्या. दाराशी येणारी गाय, गच्चीवरचा कावळा, वाड्यातली मांजर या सर्वांचा त्या पातेल्यात वाटा असे, आणि तो काढून ठेवणे हे पुण्यकर्मच मानले जाई. मुक्या जिवाला घरातला घास घालणे हा कुठे अपराध ठरू शकेल, ही कल्पनाच आम्हांस नव्हती. गेल्या मे महिन्यात मात्र ती आम्हांस एका कोंबडीमुळे आली.

आमची कन्या इंग्लंडात लीड्स शहराजवळच्या एका गावात राहते. घरात मांस शिजत नाही. अंडी मात्र मुले खातात, आणि त्यांच्याच हट्टापायी परसात चार कोंबड्या आल्या आहेत. आम्ही उभयता तेथे पोहोचून आठवडा झाला असेल नसेल, तोच त्यांतली तांबू नावाची कोंबडी एका कोपऱ्यात पिसे फुलवून, डोळे मिटून बसली. दाण्याकडे तिने ढुंकून पाहिले नाही. सकाळचा भात उरलेलाच होता. आमच्या सौभाग्यवतींनी वाटीत तो दह्यात कालवला आणि त्या परसाच्या दाराकडे निघाल्या. कन्या आडवी आली.

“आई, ते तिला देता येणार नाही. इथे कायद्याने बंदी आहे.”

“अगं, दहीभाताला कसली आली आहे बंदी? आपल्या घरात काही अभक्ष्य का शिजतं?”

प्रश्न रास्त होता. परंतु उत्तर ऐकून आम्ही दोघेही थक्क झालो. ब्रिटनमध्ये कोंबडी ही कायद्याच्या दृष्टीने शेतीचे जनावर. ती चार असोत की चार हजार, अंड्यांसाठी पाळलेली असो की निव्वळ हौसेखातर, तिला स्वयंपाकघरातले उष्टे-खरकटे, उरलेसुरले, एवढेच काय, भाजीची सालेही घालता येत नाहीत. शाकाहारी घरालाही त्यातून सूट नाही. सूट आहे ती फक्त ज्या घरात दूध, दही, तूप, अंडी, मध यांतले काहीही शिरत नाही अशा, ज्यांना तिकडे व्हीगन म्हणतात, त्या कुटुंबांना. म्हणजे ज्या शुद्ध शाकाहाराचा आम्हांस आजन्म अभिमान, तो या कसोटीवर तुपाच्या एका थेंबाने बाटला!

बागेतली भाजी मात्र चालते. अट एवढीच की ती वाफ्यातून थेट कोंबडीपुढे जावी, वाटेत स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू नये. कन्येने कुंडीत मेथी लावली होती. ती खुडून घराला बाहेरून वळसा घालून नेली तर खाद्य. तीच ओट्यावर निवडून नेली तर गुन्हा. हे ऐकून आम्हांस आमच्या आजीच्या सोवळ्याची आठवण झाली. ओल्या वस्त्राने विहिरीवरून निघालेली आजी अंगणातून लांबचा फेरा घेऊन देवघरात शिरे. मधल्या खोलीतून जाणे तिला निषिद्ध होते. आम्ही हसलो. सौभाग्यवती हसल्या नाहीत. “जीव जातो आहे तिचा, आणि तुम्हांला सोवळं सुचतंय,” एवढेच म्हणून त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली. आमचे मन त्यांच्याच बाजूला होते, हे येथे कबूल केले पाहिजे. परसात कोण पाहायला येणार होते?

संध्याकाळी शेजारच्या वृद्ध बाई कुंपणाशी आल्या. त्यांचे माहेर कंब्रियातले, मेंढपाळाचे. आम्ही थोड्या उपहासानेच त्या नियमाचा विषय काढला. त्या काही वेळ गप्प राहिल्या, आणि मग त्यांनी 2001 सालची गोष्ट सांगितली.

त्या वर्षीच्या फेब्रुवारीत इंग्लंडात लाळ्या-खुरकूत उपटली. एसेक्समधल्या एका कत्तलखान्यात आणलेल्या डुकरांत ती प्रथम आढळली. माग काढता काढता तपास पोहोचला न्यूकॅसल शहराजवळच्या हेडन-ऑन-द-वॉल या खेड्यातल्या वराहपालनापर्यंत. तेथे डुकरांना उपाहारगृहांतले खरकटे घालत. असे खरकटे नीट उकळूनच घालावे, असा नियम त्या काळीही होता. ते न उकळता घातले गेले आणि त्यात रोगट मांसाचा अंश असावा, असा निष्कर्ष पुढे निघाला. डुकरांकडून वाऱ्याबरोबर रोग शेजारच्या मेंढ्यांत गेला. मेंढ्या हेक्झॅमच्या बाजारात गेल्या, तेथून लाँगटाउनच्या. आणि रोग ओळखला जाईपर्यंत व्यापाऱ्यांच्या गाड्यांतून तो देशभर पांगलाही होता.

पुढचे सात महिने त्या देशाने जे पाहिले ते भयंकर होते. दोन हजारांहून अधिक ठिकाणी रोग निश्चित झाला. साठ लाखांहून अधिक जनावरे मारण्यात आली. त्यांतली असंख्य निरोगी होती. रोग असलेल्या शेताला लागून शेत आहे, एवढाच त्यांचा दोष. प्रेते पुरण्यासाठी आणि जाळण्यासाठी सैन्य बोलवावे लागले. मे महिन्यात ठरलेली सार्वत्रिक निवडणूक जूनवर ढकलावी लागली. सर्वांत मोठा घाव बसला तो कंब्रियावर.

“माझ्या भावाच्या मेंढ्या धडधाकट होत्या,” बाई म्हणाल्या. “पण कुंपणापलीकडे रोग निघाला. सकाळी माणसं आली, दुपारपर्यंत सारं शांत झालं. त्या कळपातली वाण आमच्या आजोबांपासूनची. मग कितीतरी दिवस खिडकी उघडता आली नाही, धुराच्या वासानं. भावानं पुन्हा मेंढ्या घेतल्या नाहीत.”

त्यावर आम्ही काही बोललो नाही. त्याच मे महिन्यात ब्रिटनने जनावरांना खरकटे घालण्यावर पूर्ण बंदी आणली. पुढे सबंध युरोपीय संघानेही तोच मार्ग धरला. या देशाला खाद्याने दिलेला तो पहिला तडाखा नव्हता. 1986 साली गाईंत ‘मॅड काऊ’ रोग ओळखला गेला, आणि त्याचेही मूळ निघाले खाद्यात: मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी गवत खाणाऱ्या गाईला चारली जात होती. 1988 मध्ये गाई-मेंढ्यांना ती घालण्यावर बंदी आली. पण तोवर रोग बराच पसरला होता, आणि 1996 मध्ये तो माणसांपर्यंत पोहोचल्याचे सरकारला सांगावे लागले. त्या देशात सुमारे पावणेदोनशे माणसे त्याने दगावली. अशी दोन दुखणी सोसलेल्या घराने दाराला जरा जास्तच कड्या लावल्या, तर नवल ते काय?

तरीही एक शंका उरते. कोंबडीला लाळ्या-खुरकूत होत नाही. मग तिच्यावर हे बंधन का? कारण असे की मांसाच्या कणातून इतर रोग तिच्यापर्यंत येऊ शकतात. त्यांतल्या एकाला इंग्रज न्यूकॅसलचा रोग म्हणतात. तो 1926 च्या सुमारास त्याच न्यूकॅसल परिसरात ओळखला गेला, आणि लगोलग आपल्याकडे कुमाऊँमधील राणीखेत येथेही. आपल्याकडची ‘राणीखेत’ किंवा ‘मानमोडी’ ती हीच. कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी डुकरे, मेंढ्याही असू शकतात. आणि सुरी एकच, पाट एकच, हात एकच: बटाट्याच्या सालीला त्याआधी काय लागले होते, हे कोण सांगणार? लाळ्या-खुरकूतीचा विषाणू दुधातूनही जातो, म्हणूनच आमचा शाकाहार तेथे कामास आला नाही. प्रत्येक घराची झडती घेता येत नाही, तेव्हा कायद्याने उंबऱ्यावरच रेघ ओढली. आजीच्या सोवळ्याचे कारण आम्हांस कधी कोणी सांगितले नव्हते. या सोवळ्याचे कारण कुंपणापलीकडे उभे होते.

आता तांबूकडे वळू. दुसऱ्या दिवशी पशुवैद्याने तिला तपासले. कोंबडीच्या गळ्याखाली, छातीच्या उजव्या अंगाला, अन्नाची एक पिशवी असते. रात्री ती भरलेली असावी, पहाटे रिकामी. तांबूची पिशवी सकाळीही चेंडूसारखी टणक होती. कापलेल्या लांब गवताच्या काड्या तिने गिळल्या होत्या आणि त्यांचा आत बोळा झाला होता. भात असो की दाणा, वरून घातलेले सारे त्या बोळ्यावरच साचले असते. शिवाय दूध पक्ष्यांना नीट पचत नाही, हेही तेव्हा कळले. जो दहीभात न दिल्याचे शल्य आम्ही रात्रभर उराशी धरले, तो तिच्या कामाचा नव्हताच. अर्थात, नियम झाला तो यासाठी नव्हे. दहीभात तिला मानवणारा असता तरी तो देता आला नसता, आणि त्या रात्री आमची खरी परीक्षा झाली असती.

उपचार साधा, पण चिकाटीचा होता. तिला इतरांपासून वेगळे, उबदार जागी ठेवायचे. काही तास खाणे बंद, पाणी मात्र जवळ. पिशवी बोटांनी हलकेच चोळायची. पक्ष्याला उलटे धरून ओकवू जाऊ नये, कारण पाणी श्वासनलिकेत जाऊन तो गुदमरतो. बोळा सैल झाला की तिचे नेहमीचेच खाद्य द्यायचे. अंड्यावरच्या कोंबडीसाठी तयार मिळणाऱ्या गोळ्यांत सुमारे 16 टक्के प्रथिने आणि पुरेसा चुना असतो. त्या कोमट पाण्यात भिजवल्या की पेजेसारख्या मऊ होतात. चमचाभर, तासातासाने. पाव किलोच्या आतबाहेर पाणी आणि सव्वाशे ग्रॅम खाद्य ही धट्ट्याकट्ट्या कोंबडीची दिवसाची गरज. तांबूने पहिल्या दिवशी त्याचा दहावा हिस्साही घेतला नसेल.

ती पेज भरवण्याचे काम सौभाग्यवतींनी आपणहून पत्करले. खाद्याची पिंपे परसातल्या लाकडी खोलीत होती. तेथेच वाटी, तेथेच चमचा. घरातला चमचा त्यांनी एकदाही तिकडे नेला नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पिशवी मऊ लागली. चौथ्या दिवशी त्यांनी मेथीची दोन पाने बारीक तोडून, बाहेरच्या फेऱ्याने नेऊन, तळहातावर धरली. तांबूने मान तिरकी करून पाहिले आणि एक पान उचलले. “खाल्लं हो!” ही हाक आम्हांस वरच्या मजल्यावर ऐकू आली.

बडोद्यास परतून आता बरेच दिवस झाले. आपल्याकडे घरोघर खरकटे जनावरांपुढे जाते, आणि ती रीत एका लेखाने मोडावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु खाद्य आणि औषध यांचा हिशेब आपल्यालाही चुकलेला नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू निघाला तो नवापुरात, ज्याच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. 2019 च्या जुलैत केंद्र सरकारने कोलिस्टिन हे प्रतिजैविक कोंबड्यांना आणि खाण्यासाठी पाळलेल्या इतर जनावरांना देण्यास मनाई केली. माणसाच्या अखेरच्या दुखण्यासाठी राखून ठेवायचे औषध खाद्यातून चारले तर ते माणसालाच लागू पडेनासे होते. बुरसटलेला मका, शिळे मांस, कोणाच्या तरी सांगण्यावरून दिलेली गोळी यांत माया असते, पण ती माया शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत काय घेऊन जाईल हे ती पाहत नाही. तेवढे पाहण्यासाठीच नियम लागतो.

परवा कन्येचा फोन आला. आजारानंतर महिन्याहून अधिक काळ लोटला होता, आणि तांबूने पहिले अंडे घातले होते. नातवंडे आनंदाने ओरडत होती. आम्ही अभिनंदन करणार, एवढ्यात सौभाग्यवतींनी फोन आमच्या हातून घेतला आणि विचारले:

“डॉक्टरांनी सांगितलेले औषधाचे दिवस पुरे झालेत ना? आधी मोज, आणि मगच मुलांना दे.”