विश्लेषण : उसाच्या ट्रॉलीचे चाक का निखळते? बेअरिंगला ग्रीस कधी, किती आणि कोणते?

दिवाळीच्या सुमारास गाळप हंगाम सुरू झाला, की उमरगा तालुक्यातील मुरुम परिसरात उसाच्या ट्रॉल्यांची वर्दळ वाढते. मुरुम येथेच श्री विठ्ठलसाई सहकारी साखर कारखाना आहे. या वाहतुकीत ट्रॅक्टरच्या इंजिनाची काळजी घेतली जाते. ट्रॉलीच्या चाकातील बेअरिंगकडे मात्र बिघाड होईपर्यंत लक्ष जात नाही. ते जाम झाले तर भरलेली ट्रॉली भररस्त्यात अडकते.

बेअरिंगवर भार किती येतो?

समजा, चार चाकी ट्रॉलीत ८ टन ऊस आहे आणि रिकाम्या ट्रॉलीचे वजन २ टन आहे. म्हणजे प्रत्येक चाकावर सरासरी अडीच टन भार आला. खड्डा किंवा वळण आले, की एका बाजूवर तो आणखी वाढतो. चाकाच्या हबमध्ये साधारणपणे दोन टेपर रोलर बेअरिंग असतात, आत मोठे आणि बाहेर लहान. उभा भार आणि वळणावरचा आडवा रेटा दोन्ही पेलण्यासाठी त्यांचे रोलर निमुळते असतात. अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी १८९८ मध्ये अशा बेअरिंगचे पेटंट घेतले, तेही घोडागाड्यांच्या चाकांसाठी.

ग्रीस नेमके काय करते?

बैलगाडीच्या आसाला वंगण घालण्यामागे जे कारण होते, तेच येथेही आहे. ग्रीसमधील तेलाचा पातळ थर रोलर आणि रेस यांना एकमेकांवर थेट घासू देत नाही. ग्रीस संपले किंवा त्यात माती गेली, की घर्षण वाढते, हब तापतो, रोलर झिजतात आणि शेवटी बेअरिंग फुटते.

पाणी इतके घातक का?

परदेशात होडी वाहून नेणाऱ्या ट्रेलरची हीच अडचण असते. प्रवासात तापलेला हब थंड पाण्यात बुडाला, की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. ओढ्यातून जाणाऱ्या किंवा गरम असतानाच धुतलेल्या ट्रॉलीचेही तसेच होते. पाणी गेलेले ग्रीस दुधाळ दिसते. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीत त्याच ओलाव्याने गंज चढतो. म्हणून हंगामापूर्वी हब उघडून पाहणे गरजेचे असते.

ग्रीस कसे भरावे?

- सपाट जागी ट्रॉली रिकामी करून इतर चाकांना उटी लावावी. जॅकखाली भक्कम आधार द्यावा.
- जुने ग्रीस डिझेलने धुऊन बेअरिंग पूर्ण कोरडे करावे. हवेच्या झोताने ते फिरवू नये. रोलर उडून इजा होऊ शकते.
- खड्डे पडलेले किंवा निळसर झालेले बेअरिंग बदलावे. रेसही सोबतच बदलावी.
- तळहातावर ग्रीस घेऊन ते रोलरच्या फटींत दाबून भरावे. हबची पोकळी मात्र गच्च भरू नये. जादा ग्रीस घुसळून तापते आणि सील ढकलते.
- नवे ऑइल सील बसवावे. चाक फिरवत नट आवळावा, थोडा सैल करून हाताने टेकवावा आणि नवी स्प्लिट पिन घालावी.

कोणते ग्रीस वापरावे?

चाकाच्या बेअरिंगसाठी लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स प्रकारातील, २ नंबरचे ग्रीस सर्रास वापरले जाते. ट्रॉली उत्पादकाची शिफारस असल्यास तीच पाळावी. वेगवेगळ्या प्रकारचे ग्रीस एकत्र केल्यास ते पातळ होऊन वाहू शकते. त्यामुळे जुन्यावर नवे थापू नये.

धोका आधी कसा ओळखावा?

जॅकवर उचललेले चाक वर-खाली धरून हलवावे. खडखड जाणवली तर बेअरिंग ढिले आहे. फिरवताना घरघर आली तर ते झिजले आहे. पंधरा-वीस किलोमीटरनंतर थांबून हबजवळ हात न्यावा. कोमट असेल तर ठीक. एकच हब इतरांपेक्षा खूप तापला असेल, तर पुढे जाऊ नये. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे ओघळ दिसले, तर सील गेले असे समजावे.

दुर्लक्षाची किंमत कोण मोजतो?

रस्त्यात अडकलेल्या ट्रॉलीतील तोडलेला ऊस सुकतो आणि शेतकऱ्याचे वजन घटते. वाहतूकदाराची खेप बुडते. सर्वांत मोठा धोका अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला असतो. ट्रॉली बंद पडलीच, तर ती शक्य तितकी कडेला घ्यावी आणि मागे पुरेशा अंतरावर रिफ्लेक्टर लावावा. रस्त्यावर दगड ठेवले असतील, तर निघताना ते आठवणीने उचलावेत.