डॅन्यूबच्या काठी काढलेले आणि न काढलेले फोटो

उन्हाळी सुट्टी लागली की आम्हा दोघा शिक्षकांचा बेत ठरलेला असतो. पेपर तपासायचे, निकाल लावायचा आणि गावच्या घरी आंबे खायला जायचे. गेल्या वर्षी मात्र बुडापेस्टला शिकणाऱ्या भाच्याने हट्टच धरला. "मामू, मामी, वर्षानुवर्षे मुलांना नद्या शिकवता, एकदा ही नदी येऊन बघा." साठवलेल्या पैशांना हात घातला आणि मे महिन्याच्या मध्याला आम्ही हंगेरीच्या राजधानीत पोहोचलो.

डॅन्यूब जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात उगम पावते आणि सुमारे २८५० किलोमीटर वाहत काळ्या समुद्राला मिळते. युरोपात तिच्याहून लांब फक्त व्होल्गा. बुडापेस्टमध्ये ती उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. पश्चिमेला टेकड्यांचे बुडा, पूर्वेला सपाट पेस्ट. ही दोन शहरे आणि शेजारचे ओबुडा १८७३ साली एक झाले.

पहिल्याच सकाळी आम्ही बुडाच्या काठावरून समोरच्या संसद भवनाचे फोटो काढले. २६८ मीटर लांबीची आणि ९६ मीटर उंच घुमटाची ती भव्य इमारत फोटोत काळी ठिक्कर! भाचा हसू दाबत म्हणाला, "मामू, सूर्य कुठून उगवतो?" भूगोलाच्या मास्तरांची चांगलीच जिरली. मग नियम केला. सकाळी पेस्टच्या काठावर उभे राहायचे म्हणजे समोरच्या टेकडीवरचा किल्ला उजळलेला मिळतो, आणि संध्याकाळी बुडाच्या काठावर यायचे म्हणजे मावळतीचे ऊन संसदेवर पडते. सूर्यास्त सव्वाआठच्या सुमारास, त्यामुळे मगरिबपर्यंत भरपूर वेळ मिळे. दिवे लागल्यावर हात हलला की फोटो बिघडतो. फोन कठड्यावर टेकवून दोन सेकंदांचा टायमर लावला की काम होते.

साखळी पुलाच्या दगडी सिंहांचे फोटो आम्ही दोन्ही वेळा काढले. दोन्ही काठांना जोडणारा हा पहिला कायमचा पूल १८४९ साली खुला झाला. १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने तो उडवून दिला. तो पुन्हा बांधला आणि पहिल्या उद्घाटनाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १९४९ मध्ये, परत सुरू केला.

तिसऱ्या दिवशी भाच्याने बुडाच्या बाजूची एक दगडी चढण चढायला लावली. वर गुलाबांच्या बागेत आठ कोनांची, घुमटाची छोटीशी वास्तू. गुल बाबांची मजार! बुडावर १५४१ ते १६८६ अशी सुमारे दीडशे वर्षे उस्मानी तुर्कांची सत्ता होती. त्या काळाच्या सुरुवातीलाच, १५४१ मध्ये, हे बेक्ताशी दरवेश इथे वारले. गुलाब या मुलखात त्यांनीच आणला असे लोक सांगतात. त्या टेकडीचे नावही गुलाबांची टेकडी. आम्ही फातिहा पढली. घरापासून इतक्या लांब ओळखीचे कोणी भेटल्यासारखे वाटले. फोटो काढला तो बाहेर बागेत येऊन.

त्याच संध्याकाळी आम्ही पेस्टच्या काठाने चालत होतो. संसदेच्या थोडे पुढे, पाण्याच्या अगदी कडेला जुन्या पद्धतीच्या चपला-बुटांची रांग दिसली. लोखंडाचे बूट, पण हुबेहूब खऱ्यासारखे. आम्हाला गंमत वाटली. दोघे त्या रांगेमागे उभे राहिलो, हसलो आणि भाच्याला म्हणालो, "काढ रे एक छान." त्याने काढला, पण तो हसला नाही. म्हणाला, "मामी, ती पाटी वाचा."

१९४४-४५ च्या हिवाळ्यात हंगेरीतल्या ॲरो क्रॉस या फॅसिस्ट पक्षाच्या हत्यारबंद लोकांनी ज्यूंना या काठावर आणून उभे केले, पायातले काढायला लावले आणि गोळ्या घातल्या. प्रेते नदीने वाहून नेली. युद्धाच्या टंचाईत बुटांना किंमत होती, माणसांना नव्हती. त्या लोकांच्या आठवणीसाठी २००५ मध्ये हे साठ जोड इथे बसवले. कुणी त्यांत फुले ठेवली होती, कुणी मेणबत्ती. मोठ्यांच्या बुटांमध्ये लहान मुलांचेही होते.

आम्ही गप्प उभे राहिलो. जुलूम झालेल्याचा मजहब विचारून दुःख करायचे नसते, हे आम्ही वर्गात किती वेळा सांगितले असेल! आणि इथे त्यांच्याच जागी दात दाखवून उभे राहिलो होतो. चूक अजाणतेपणी झाली खरी, पण दोन पावलांवरची पाटी न वाचण्याची घाई आमचीच होती. फोटो तिथेच पुसून टाकला. भाचा म्हणाला, "पुन्हा काढू का, नीट?" नको म्हटले.

घरी आल्यावर अम्मींना टीव्हीवर फोटो दाखवले. सिंह झाले, घुमट झाला, गुलाब झाले. ते बूट मात्र तोंडानेच सांगितले. अम्मी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग विचारले, "लहान मुलांचे किती जोड होते?"

आम्ही मोजले नव्हते.

यंदा सुट्टीत कुठेही जाल, घराजवळच्या किल्ल्यावर किंवा परदेशी, फोटो जरूर काढा. फक्त आधी पाटी वाचा, मग फोन बाहेर काढा.