खरखरीत भिंतीचा पंप

परकी वस्तू लागली की रक्त गोठू लागतं. म्हणून हृदयाला साहाय्य करणारे पंप आतून शक्य तितके गुळगुळीत ठेवण्याची धडपड असे. अमेरिकेतल्या ‘हार्टमेट’ने नेमकं उलटं केलं. त्याच्या टायटॅनियमच्या भिंतीवर त्याच धातूचे अतिसूक्ष्म मणी तापवून घट्ट बसवले होते. पॉलियुरेथेनचा हलता पडदाही मुद्दाम खरखरीत ठेवला होता. या खाचाखोचांत फायब्रिन हे रक्त गोठवणारं प्रथिन आणि रक्तपेशी रुजतात, त्यांचा पातळ थर पक्का धरून राहतो आणि पुढचं रक्त त्या थरावरून वाहतं. गुळगुळीत भिंतीवरची गुठळी मात्र सुटून मेंदूपर्यंत पोहोचू शकते. खरी भीती तिचीच.

१९९४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या या पंपाच्या बहुतेक रुग्णांना वॉरफॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाची गरज पडत नसे, ॲस्पिरिन पुरे. किती मोठा दिलासा! पुढे सतत फिरणाऱ्या रोटरचे पंप आले आणि वॉरफॅरिन परतलं. त्यांपैकीच ‘हार्टमेट ३’मध्ये मण्यांचा थर कायम आहे, जोडीला चुंबकावर तरंगणारा रोटर आणि रक्ताला जायला रुंद वाट. वॉरफॅरिन अजून लागतंच. ॲस्पिरिन मात्र वगळता येतं आणि ते वगळल्याने रक्तस्राव घटतो, असं २०२३च्या चाचणीत दिसलं.