लिनक्सचा गट आणि नवागत

फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तिच्या हलक्या आवृत्त्या जुन्या संगणकांवरही चालतात. बीड जिल्ह्यातील शाळांना ही सोय उपयुक्त ठरावी. मात्र प्रणाली विनामूल्य असली, तरी ती शिकविणारा माणूस जवळ हवा. याच गरजेतून पुणे व मुंबई येथे वापरकर्त्यांचे गट उभे राहिले. अंबाजोगाई वा गेवराई येथेही चार-पाच शिक्षक महिन्यातून एकदा एकत्र बसले, तर असा गट उभा राहील. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पातील मराठी पाठ तेथे साहाय्यभूत होतील. कळफलक मात्र नवागताच्याच हाती असावा. जाणत्याने काम परस्पर उरकून दिल्यास अडचण सुटते, पण शिक्षण होत नाही. पहिल्याच प्रश्नाला हसू झाले, तर नवागत पुन्हा येत नाही आणि शाळेतील संगणक धूळ खात राहतो.