भोक बुजवण्याआधी कडा तपासा

ग्राहकाची फाइल स्क्रीनवर चकाचक दिसते, पण थ्रीडी प्रिंटला लावली की स्लायसर गोंधळतो. सरफेसला जाडी नसते. कुठे फट राहिली की आत कुठलं आणि बाहेर कुठलं, तेच सॉफ्टवेअरला कळत नाही. म्हणून भाव सांगायच्या आधी राइनोमध्ये ‘शोएजेस’ चालवा आणि नेकेड एजेस बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

भोक सपाट असेल तर ‘कॅप’ पुरते. वाकड्या जागी ती चालत नाही. तिथे ‘पॅच’ लावा आणि मग ‘जॉइन’ करा. पण भोक ट्रिम केल्यामुळेच पडलं असेल तर पॅच कशाला? ‘अनट्रिम’ने मूळ सरफेसच परत मिळतो. बरेच जण हे विसरतात आणि उगाच तासभर घालवतात.

‘जॉइनएज’पासून मात्र जपून राहा. ती दोन कडा जोडल्यासारख्या दाखवते, पण सरफेस जागचे हलत नाहीत, फट तशीच राहते. मोल्डच्या कामात हे हमखास अंगाशी येतं. फट मोठी असेल तर सरळ नवा सरफेस बांधा, आणि त्या वेळेचे पैसे कोटेशनमध्ये वेगळे लिहा. प्रॉपर्टीजमध्ये ‘क्लोज्ड पॉलीसरफेस’ दिसलं की मगच एसटीएल काढा.